वरच्या फळीवरचे शेजारी

लॅबमध्ये तिला सगळे शेजारीण म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव ओळखपत्रावर होतं, पण तेही घासून घासून इतकं पुसट झालं होतं की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा "या शेजारीणबाई" म्हणूनच तिला आत सोडायचा.

हे नाव पडलं तिच्या कामामुळे. ज्या पेशींवर किरणांचा मारा होतो त्यांचं नुकसान होतं, हे कुणालाही सांगावं लागत नाही. हिला काळजी त्यांच्या शेजाऱ्यांची. ज्या पेशींना किरण शिवलेसुद्धा नाहीत, त्याही कधी कधी आजारी पडतात. का पडतात? तिचं म्हणणं असं, की शरीरात ज्या पहारेकरी पेशी असतात, जंतू शिरला किंवा जखम झाली की आरडाओरडा करून सगळ्यांना जागं करणाऱ्या, त्याच इथेही घोळ घालतात. हा ओरडा म्हणजे त्यांनी सोडलेली रसायनं. किरणांनी दुखावलेली पेशी दिसली की पहारेकरी असा काही गिल्ला करतात, की धडधाकट शेजाऱ्यांनाच तो बाधतो.

हे तिचं म्हणणं होतं. पुरावा मात्र अर्धामुर्धा होता, आणि उरलेल्या अर्ध्याच्या वाटेत किरणकाका पाय रोवून उभे होते.

किरणकाका म्हणजे तळघरातल्या किरणांच्या यंत्राचे मालक. खरं तर यंत्र संस्थेचं, पण ते काकांना कुणी सांगायचं? भौतिकशास्त्रात आयुष्य गेलेला माणूस, करड्या कोटाच्या खिशात सतत किल्ल्यांचा जुडगा, आणि सरळ रेषेत न जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर मुळीच विश्वास नाही. शेजारीण पेशी वाढवायच्या डिशच्या अर्ध्या भागावर शिशाची पट्टी ठेवायची, म्हणजे किरण उघड्या अर्ध्यावरच पडावेत. पट्टीही काकांनीच कापून, कडा घासून दिलेली. तरीही झाकलेल्या अर्ध्यातल्या पेशी दुखावलेल्या निघाल्या, की काका मान हलवायचे.

"अगं, कडेखालून थोडे किरण निसटतातच. तुझ्या शेजाऱ्यांनी ओरडा-बिरडा काही ऐकला नाही. त्यांना सरळ मार बसलाय. थोडा बसलाय, पण बसलाय."

"काका, पहारेकरी पेशी घातल्या नाहीत तर शेजारी पुष्कळ कमी दुखावतात. मग?"

"मग तुझे पहारेकरी नाजूक लोकांना आणखी नाजूक करत असतील. मार तो मारच."

यावर उत्तर एकच, आणखी पुरावा. आणि तो शोधायला वेळही उरला नव्हता, कारण यंत्र पुढच्या आठवड्याअखेर मोठ्या दुरुस्तीला जाणार होतं आणि काही महिने परत यायचं नव्हतं. लॅबच्या प्रमुख मॅडम, ज्यांच्यापुढे किरणकाकासुद्धा कोटाची बटणं लावून उभे राहायचे, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मंगळवारच्या मीटिंगमध्ये स्वच्छ निकाल दाखव, नाहीतर हे काम कपाटात ठेव आणि लांब्याला मदत कर. लांब्या म्हणजे शेजारच्या टेबलावरचा संशोधक. उंची अशी की दारातून येताना मान तिरकी करावी लागे, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याचीच मान तिरकी व्हावी. माणूस चांगला होता. पण स्वतःचं कोडं अर्धवट सोडून दुसऱ्याची उत्तरं मोजत बसायचं, या विचारानेच शेजारणीला रडू यायचं.

म्हणून शनिवारी सकाळी तिने जय्यत तयारी केली. पहारेकरी घातलेल्या डिशांची चळत घेऊन ती तळघरात गेली. काकांनी प्रत्येक डिशवर पट्टी स्वतःच्या हाताने ठेवली, डोळा बारीक करून कड बघितली, यंत्राचं दार लावलं, आणि बटण दाबायच्या आधी नेहमीप्रमाणे म्हणाले, "निघणार काही नाही हं."

"दाबा तर," ती म्हणाली.

वर येऊन तिने डिशा इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटात ठेवल्या. खालच्या फळीवर तिची जागा होती, ती निम्म्या डिशांतच भरली. उरलेल्या तिने वरच्या फळीवर सरकवल्या, जिथे एरवी सगळ्यांच्या वापराच्या राखीव पेशी असायच्या. झाकणांवर वरच्यांना वर जाणारा बाण, खालच्यांना खाली जाणारा. कपाट सगळीकडे सारखं तापत नाही असा तिला जुना संशय होता, म्हणून ही सवय.

त्या पेशी ज्या गुलाबी पाण्यात जगतात त्याला मीडियम म्हणतात. ते त्यांचं जेवण. जेवण संपत आलं, कचरा साचला, की ते पिवळं पडतं, आणि मग जुनं काढून ताजं घालायचं. पेशी सांभाळणाऱ्या माणसांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की पिवळी डिश दिसली की त्यांचा हात आपोआप बाटलीकडे जातो. या वेळी मात्र मीडियम पिवळं पडत आलं होतं तरी बदलायचं नव्हतं. पहारेकऱ्यांचा सगळा ओरडा त्यातच तर विरघळणार होता. तिने कपाटाचं दार लावलं. दारावर मॅडमच्या हस्ताक्षरातली पाटी होती: "दुसऱ्याच्या डिशला हात लावणाऱ्याचे हात..." पुढे नुसती टिंबं. टिंबांमुळे ती जास्त परिणामकारक झाली होती.

रविवारी ती घरी होती. घरात ती आणि तिची आत्या, अशा दोघीच. आत्याच्या मानेवर मागे किरणांचे उपचार झाले होते आणि आता ती ठणठणीत होती. इतकी, की शेजारणीला रविवारी दुपारीही झोपू देत नव्हती.

"ते तुझं काय झालं गं? शेजाऱ्यांचं?"

"उद्या कळेल, आत्या."

"मला एक सांग. मला मारलं मानेवर. मग मी पायाच्या बोटापर्यंत का मरगळले होते? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, होतं असं. होतं ते मलाही माहीत होतं, झालंच होतं मला!"

"तुझ्याच बाबतीत काय झालं ते मी कशी सांगू? पण तसंच काहीतरी शोधतेय मी. एका जागी मार बसतो आणि बातमी कशी पसरते, ते."

"बातमी पसरायला काय लागतं?" आत्या म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या बाई घसरल्या, तर त्यांच्याआधी माझ्या कमरेत कळ आली. त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलंच तसं."

शेजारीण पोट धरून हसली. मग मनातल्या मनात घाबरलीही, कारण उद्याचा दिवस चुकला तर हे सगळं हसण्यावारीच जाणार होतं.

सोमवारी तिने पेशी रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशीच्या आतला डीएनएचा धागा जिथे तुटतो, तिथे हिरवा ठिपका चमकतो. किरण खाल्लेल्या अर्ध्यात ठिपक्यांची नुसती गर्दी. पट्टीखालच्या अर्ध्यात, शेजाऱ्यांच्या वस्तीत, पहिल्या डिशमध्ये ठिपकेच ठिपके. दुसरीत तेच. तिला नाचावंसं वाटलं. तिसरी लावली, आणि शेजाऱ्यांत अंधार. एखाददुसरा ठिपका, जणू काही घडलंच नव्हतं. चौथीत अंधार. पाचवीत पुन्हा ठिपके.

तोच डोस, त्याच पेशी, तीच पट्टी, आणि निम्म्या डिशा एक बोलतायत, निम्म्या दुसरंच. असा निकाल मॅडमपुढे नेणं म्हणजे स्वतःच्या हाताने कपाटाची किल्ली आणून देणं. तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात पाठीमागून लांब्या म्हणाला, "काय गं, तोंड का उतरलंय?" आणि तिने कधी नव्हे ते त्याच्यावर खेकसून घेतलं.

त्यानंतर लॅबमध्ये जे झालं, ते खरं तर तिनेच शास्त्रीय दृष्टीने बघायला हवं होतं. लांब्या हिरमुसला आणि भांडी धुणाऱ्या मावशींवर चिडला. मावशींनी चहाची किटली आदळली. किटलीच्या आवाजाने हिशेबनीस बाहेर आले आणि विनाकारण सगळ्यांना वीज जपून वापरायला सांगून गेले. दुपारपर्यंत लॅबभर सगळ्यांची डोकी तापलेली, आणि कुणाला का ते सांगता येत नव्हतं. मॅडम तेवढ्यात आल्या, निकाल बघितला आणि म्हणाल्या, "हा निष्काळजीपणा आहे. माझ्या लॅबमध्ये असला निकाल! उद्या बोलू." आणि तरातरा निघून गेल्या.

शेजारीण डिशांची झाकणं पुढ्यात मांडून बसली. बसून बसून ती त्यांच्या दोन रांगा करत राहिली, आधी यंत्रात ठेवल्याच्या क्रमाने, मग रंगवल्याच्या क्रमाने, आणि कशातच मेळ लागेना. शेवटी कंटाळून तिने बाण बघितले. अंधाऱ्या डिशा सगळ्या वर. ठिपकेवाल्या सगळ्या खाली. एकही चुकार नाही.

कपाटच खराब! तिने वर एक, खाली एक असे तापमापक ठेवले, चहा पिऊन आली आणि बघितले. दोन्ही जुळ्या भावांसारखे एकच आकडा दाखवत होते. मग वरच्या डिशांना झालं काय होतं? तिने ताज्या मीडियमची बाटली काढली, आणि शुक्रवारी जवळजवळ भरलेली बाटली तळाला गेलेली दिसली.

कुणीतरी तिच्या पेशींना जेवू घातलं होतं.

मंगळवारची मीटिंग लांबट टेबलाच्या खोलीत होती. मॅडम टोकाला, शेजारी किरणकाका, पलीकडे लांब्या, मधे बिस्किटांची बशी, जिला वातावरणामुळे कुणी हात लावत नव्हतं. शेजारणीने पडद्यावर दोन चित्रं दाखवली, वरच्या फळीचं आणि खालच्या फळीचं, आणि बाटलीचं सांगितलं.

"म्हणजे कुणीतरी वरच्या डिशांचं मीडियम बदललं, मॅडम. शनिवारी, मी घरी गेल्यावर."

मॅडमचा आवाज एकदम थंड झाला. "माझ्या पाटीनंतर? कुणी?"

सगळ्यांचे डोळे लांब्याकडे वळले. फक्त वरची फळी! या लॅबमध्ये वाकायचा कंटाळा येईल असा माणूस एकच होता.

"मी?" लांब्या उभाच राहिला. "मी शनिवारी आईला गाडीत बसवायला गेलो होतो! आणि मी कशाला दुसऱ्याच्या पेशींना जेवू घालीन? माझ्याच अर्ध्या उपाशी मरतात!"

हे मात्र सगळ्यांना पटलं.

"कुणी का असेना," मॅडम म्हणाल्या. "प्रयोग बिघडला तो बिघडला. यंत्र जातंय. आपण हे काम थांबवूया. काका, तुमचं काय मत?"

किरणकाकांनी खुर्ची मागे रेलली. कित्येक महिन्यांचा वाद आज संपणार, म्हणून ते खुशीत होते. "माझं मत तेच. शेजाऱ्यांना पट्टीखालून किरण लागतात. आता हिचं हे जेवणाचं प्रकरण. अहो, जेवण बदलल्याने काय फरक पडणार? एकदा लागलेला किरण काही धुऊन निघत नाही. मीडियम बदला नाहीतर आंघोळ घाला, तुटलेलं ते तुट..."

काका थांबले. त्यांनी पडद्याकडे बघितलं. वरची फळी, अंधार. खालची फळी, ठिपके.

शेजारीणही पडद्याकडे वळली. कालपासून ती चोर शोधत बसली होती, आणि चोराने काय ठेवून दिलंय ते तिने बघितलंच नव्हतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "पट्टी सगळ्या डिशांवर तुम्हीच ठेवली होती."

"मीच ठेवली होती."

"सारखी?"

"म्हणजे काय! माझ्या हाताने!" काका दुखावले, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आपण कबुली देतोय. "कडेखालून निसटले असतील ते सगळ्यांतच सारखे निसटले असणार. मग वरच्या का वाचल्या?" ते पुटपुटले. "जे लागलं ते मीडियममध्ये होतं. ते वेळेवर ओतून दिलं, म्हणून वाचल्या. अरेच्चा!"

काकांच्या तोंडून 'अरेच्चा' याआधी कुणी ऐकलं नव्हतं. लांब्याने एक बिस्किट उचललं.

"हा तर नियंत्रण-प्रयोग झाला, एकच गोष्ट बदललेली, बाकी सगळं सारखं," लांब्या तोंडात बिस्किट ठेवूनच म्हणाला. "आपल्याला कुणाला सुचला नसता इतका सरळ. कुणी केला पण?"

तेव्हा कुठे शेजारणीचं मॅडमकडे लक्ष गेलं. मॅडम पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता, आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"त्या वरच्या फळीवर," मॅडम म्हणाल्या, "राखीव पेशी असतात ना गं?"

"असतात, मॅडम. या वेळी जागा नव्हती म्हणून मी..."

"मी शनिवारी दुपारी कागद न्यायला आले होते. कपाट उघडून सहज बघितलं. सगळं पिवळं पडलेलं. मला वाटलं, बघा, सुट्टी आली की या बिचाऱ्यांकडे कुणी बघत नाही." त्यांनी घसा खाकरला. "किती वर्षांत हातात पिपेट धरली नव्हती मी. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गाणं म्हणत म्हणत केलं मी ते. चष्मा गाडीत राहिला होता, बाण-बिण काही दिसले नाहीत."

"आणि खालच्या फळीवरच्या?" काकांनी विचारलं. त्यांना शास्त्रीय कुतूहल होतं, दुसरं काही नाही.

"माझा गुडघा वाकत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

आधी लांब्या हसला, बिस्किटासकट. मग काका, मग दारात उभ्या राहून सगळं ऐकणाऱ्या मावशी, आणि मग मॅडमनाच इतकं हसू आलं की त्यांना डोळे पुसावे लागले. शेजारीण हसली नाही. तिला एकदम रडू फुटलं, आणि ते आनंदाचं आहे हे कळायला तिलाच जरा वेळ लागला.

"रडतेस काय," मॅडम म्हणाल्या. "मी तुझं काम बंद करायला निघाले होते, आणि तेही मी स्वतः केलेल्या घोळावरून. बोल, शिक्षा काय?"

"शिक्षा नको," तिने नाक पुसलं. "पुन्हा करायचं, मॅडम. या वेळी ठरवून. काही डिशांचं मीडियम बदलायचं, काहींचं नाही. आणि काहींचं न बदलता त्यात पहारेकऱ्यांचा निरोप अडवणारं औषध घालायचं. ओरडा चालूच, पण शेजाऱ्यांपर्यंत काही पोचायचं नाही. तेही वाचले, तर दोष पहारेकऱ्यांच्या निरोपाचाच. नुसत्या कचऱ्याचा नाही."

"आणि मीडियम कोण बदलणार?"

"तुम्ही," शेजारीण म्हणाली. "हात तेच हवेत. पण मी सांगेन तेव्हाच. आणि चष्मा लावून."

गुरुवारी सकाळी यंत्र शेवटचं चाललं. काकांनी पट्टी ठेवली, कड बघितली, दार लावलं आणि 'निघणार काही नाही' म्हणायचं विसरले. वर मॅडम कोट घालून, चष्मा लावून, बोटं खेळवत बसल्या होत्या. एका डिशकडे त्यांचा हात जरा आधीच गेला, तर शेजारीण म्हणाली, "अं हं!" आणि ज्यांच्या नुसत्या चाहुलीने लॅब चिडीचूप व्हायची, त्या मॅडमनी हात मुकाट मागे घेतला. खालच्या फळीवरच्या डिशा काढून द्यायला लांब्या गुडघ्यांवर बसला. तोही एक बघण्यासारखा देखावा होता.

शुक्रवारी दुपारी सगळे अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाभोवती दाटीवाटीने जमले. मीडियम न बदललेल्या डिशांत शेजाऱ्यांमध्ये हिरवे ठिपके. बदललेल्यांत अंधार. उरल्या औषधाच्या. त्यांचं जेवण कुणी बदललं नव्हतं, त्यांच्यात सगळा गदारोळ तसाच साचलेला होता. शेजारणीने डिश लावली, आणि तिचा धीर झाला नाही. ती बाजूला झाली.

"काका, तुम्ही बघा."

काका बसले. त्यांनी चाक फिरवलं, उजेड कमी केला, वाढवला. पट्टीची कड कुठे होती ते शोधलं आणि तिच्या काठाकाठाने पेशीन् पेशी बघत गेले.

"आहेत का ठिपके?" शेजारणीने विचारलं.

"अंधार. अगदी कडेलासुद्धा," काका म्हणाले. ते उठले, भिंतीवरच्या फोनकडे गेले आणि दुरुस्तीवाल्यांचा नंबर फिरवला.

"हं, मीच बोलतोय, तळघरातून," ते म्हणाले. "उद्या येऊ नका. यंत्र अजून महिनाभर सोडता येणार नाही. काय? नाही हो, बिघडलेलं आहेच, ते मला माहीत आहे. चालवतो मी तसंच. इथे एका बाईंचं काम अडलंय."